भित्तिचित्रे काढणाऱ्या भाच्यासाठी व्हिडिओ-समूह सुचवावेत

ठाणेकर_आत्या: माझा भाचा सतरा वर्षांचा असून सोसायटीच्या परवानगीने आवारातील भिंतींवर स्प्रेच्या रंगांनी चित्रे काढतो. आमच्या घरात या कलेतले कोणालाच कळत नसल्यामुळे तो सारे काही व्हिडिओ पाहूनच शिकतो. यातून त्याची स्वतःची कल्पकता वाढेल, की तो नुसती नक्कल करत राहील? त्याने नेमके कोठे सहभागी व्हावे, आणि त्याला चांगला कॅमेरा घेऊन द्यावा का?

भिंतवेडा: आत्या, कॅमेऱ्याची घाई करू नका. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली आपल्या पहिल्या गाजलेल्या रॅपचा व्हिडिओ आयपॅडवरच चित्रित केला होता. नकलेचे म्हणाल, तर विषयाची नक्कल टाळावी, तंत्राची मात्र जरूर करावी. मोठ्या भिंतीवर चित्र मापात उतरवणे सर्वांत अवघड असते; त्यासाठी अनेक चित्रकार आधी संपूर्ण भिंतीवर वेडीवाकडी अक्षरे आणि खुणा काढतात, तिचा फोटो घेतात, मोबाइलवर त्या फोटोवर आपले रेखाचित्र बसवतात आणि कोणती रेघ कोणत्या खुणेवरून जाते हे पाहत चित्र आखतात. ‘डूडल ग्रिड’ नावाची ही युक्ती वाचून नीट उमगत नाही, व्हिडिओत मात्र लगेच कळते, आणि ती साधली की मनातले कोणतेही चित्र भिंतीवर नेण्याचे धैर्य येते.

शिकण्यासाठी यूट्यूबवरील मोठ्या लांबीचे व्हिडिओ पाहावेत आणि अभिप्रायासाठी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील ग्राफिटीचे, म्हणजे स्प्रेने काढलेल्या भित्तिचित्रांचे, समूह गाठावेत. तिथली भाषा कधी कधी रोखठोक असते, याची त्याला आधीच कल्पना द्यावी. टाइमलॅप्स, म्हणजे वेग खूप वाढवलेला व्हिडिओ, दिसतो सुंदर, पण त्यात हात कसा फिरला हे कळत नाही, म्हणून त्याने मूळ वेगातला तुकडा टाकून एकच नेमका प्रश्न विचारावा. ‘कसे वाटले?’ असे विचारले तर नुसती वाहवा मिळते. ‘येथे रंग का ओघळला?’ असे विचारले, की हात संथ फिरला, डबा फार जवळ धरला, असे उपयोगी उत्तर मिळते.

रंगरेषा_पुणे: वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालते. स्प्रेच्या वाफांपुढे कापडी मास्क निरुपयोगी ठरतो, त्यामुळे रासायनिक वाफा रोखणारे कार्ट्रिज असलेला मास्कच घ्यावा. शिवाय सोसायटीची परवानगी लेखी घेऊन ठेवावी, कारण महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि व्हिडिओ टाकला की चित्र कोणी काढले हे उघडच होते.