मदत हवी आहे : मुलांकडून खाऊ करून घ्यायचा आहे, चुरमुऱ्यांचे लाडू दगड होतात

रानमोगरा
नमस्कार. येत्या रविवारी आमच्या वाड्यावरील मुलांना घेऊन सेवाकार्य म्हणून घरगुती खाऊ करावा आणि तो वाटावा, असे ठरले आहे. चुरमुऱ्यांचे लाडू सोपे म्हणून तेच निवडले. काल घरी करून पाहिले, तर सहा-सात लाडू वळून होतात न होतात तोच उरलेल्या मिश्रणाचा पातेल्यात दगड झाला. पाक नेमका कुठे चुकला आणि चाळीस लाडवांना गूळ किती लागेल, एवढेच सांगावे. वेळ कमी आहे. "विकतचे आणा" हा सल्ला कृपया नको.

वेलदोडा
एक वाटी गुळाला चार ते पाच वाट्या चुरमुरे घ्यावेत. पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी वळता आली, की लगेच गॅस बंद करावा. थेंब वाटीत पडून "टण्ण" वाजू लागला, तर तो चिक्कीचा पाक झाला. तुमचे बहुधा हेच झाले असावे. पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवून लाडू वळल्यास मिश्रण बराच वेळ मऊ राहते. जत्रेतील लाडवांपेक्षा सरस होतात, हे मी स्वानुभवाने सांगते.

नदीकाठ
प्रमाण ठीक आहे, परंतु मुले किती, कोणत्या वयाची, चूल कुठे आणि हा खाऊ खाणार कोण, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

रानमोगरा
त्याचा पाकाशी काय संबंध? मुले २२ आहेत, सहा ते अकरा वर्षांची. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, करणार आहोत आणि गॅस तिथे आहे.

नदीकाठ
संबंध आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही असाच उपक्रम केला, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाने आमची नजर चुकवून मिश्रणात हात घातला. उकळते पाणी सांडले तर निदान ओघळून जाते. गुळाचा पाक मात्र कातडीला चिकटून बसतो आणि तिथेच भाजत राहतो. तळहातावर रुपयाएवढा फोड आला. एका पालकाने धावत येऊन त्यावर टूथपेस्ट चोपडली. ती धुऊन काढून हात वीस मिनिटे वाहत्या नळाखाली धरण्यात आमचा उरलेला कार्यक्रम संपला. लाडू गरम असतानाच वळावे लागतात, म्हणजे हे काम मुलांचे नव्हेच. मुले नुसती बघत बसणार असतील, तर त्यांना बोलवायचे तरी कशाला?

वेलदोडा
आमच्या पिढीने लहानपणापासून लाडू वळले. हाताला तूप लावले की भाजत नाही.

नदीकाठ
तुपाने लाडू हाताला चिकटत नाही, एवढेच. पाक त्यामुळे थंड होत नाही.

निवृत्त_गुरुजी
मुलांनी पौष्टिक खाण्याकडे वळावे असे वाटत असेल, तर नाचणीला पर्याय नाही. मी गेली नऊ वर्षे रोज सकाळी नाचणीचे सत्त्व घेत आहे. नाचणी रात्रभर भिजवून, वाटून, गाळून ठेवावी. वर आलेले पाणी काढून टाकावे आणि खाली बसलेला साका उन्हात वाळवावा.

रानमोगरा
गुरुजी, आज गुरुवार आहे आणि बाहेर पाऊस कोसळतो आहे. साका कोणत्या उन्हात वाळवू?

कायदेपंडित
परवान्याचा विचार केला आहे का? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाची जी व्याख्या आहे, तीत नफ्यासाठी चालणारा आणि नफ्याविना चालणारा असे दोन्ही उपक्रम येतात. "आम्ही फुकट वाटतो" हा बचाव त्यामुळे आपोआप टिकत नाही.

दर्यावर्दी
मग एकादशीला खिरापत वाटणाऱ्यांनीही परवाना काढायचा काय? एका रविवारचा खाऊ म्हणजे व्यवसाय नव्हे.

कायदेपंडित
थट्टा करू नका. लहान उत्पादकांच्या नोंदणीच्या नियमांत धार्मिक आणि सामाजिक मेळाव्यांतील अन्नवाटपाचा उल्लेख आहे. एकदाच केलेल्या उपक्रमाला तो लागू होईल असे मी म्हणत नाही; पण हे दर महिन्याला करायचे असेल, तर आपल्या गोव्यातील बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात आधी विचारून घ्यावे.

पांढरी_टोपी
मी रुग्णालयात परिचारिका आहे. नदीकाठ यांचा शेवटचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे. खाणार कोण?

रानमोगरा
वृद्धाश्रमातील मंडळी. साधारण चाळीस जण आहेत. हे मी आधी लिहिले नव्हते का?

पांढरी_टोपी
नव्हते, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. चुरमुऱ्यांचा कडक लाडू कवळीने फोडता येत नाही, आणि फुटला तरी त्याचे कोरडे, सुटे कण घशात जाऊन ठसका लागतो. शेंगदाणे आणि डाळे यांचेही तेच. मधुमेही किती आहेत आणि गिळायला त्रास होणारे कोण आहेत, हे आश्रमातील सेविकांना आजच फोन करून विचारा. पदार्थ मऊ, ओलसर आणि एकजीव असावा.

सत्तरीची_सून
मग दूर कशाला जायचे? आपल्याकडे दिवाळीच्या सकाळी जे फोव, म्हणजे पोहे, करतात, तेच करावेत. त्यांतील दोन प्रकारांना विस्तवाची मुळीच गरज नाही. गोडाचे फोव करताना आधी खोवलेले खोबरे आणि चिरलेला गूळ एकत्र कुस्करावा, गुळाला पाणी सुटले की त्यात पातळ पोहे आणि वेलचीपूड मिसळावी. हे क्रमाने झाले पाहिजे. पोहे आधी घातले, तर गुळाचे खडे तसेच राहतात आणि पोहे कोरडे लागतात. ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी ताकातले फोव करावेत. त्यांत आल्याचा रस आणि मीठ घालावे, मिरची अगदी नावाला.

पांढरी_टोपी
उत्तम, फक्त एक बदल हवा. पातळ ताकात तरंगणारे पोहे गिळायला अवघड असतात, कारण पाणी आधी घशात उतरते आणि पोहे मागे राहतात. दही घट्टसर घुसळून पोहे त्यात पूर्ण मुरू द्यावेत, दहीभातासारखे व्हावेत. पोह्यांना साखर नसली तरी पिष्ट असते, म्हणून मधुमेहींना लहान वाटीच द्यावी. गिळायला खरोखर त्रास असणाऱ्यांना मात्र सेविकांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये.

दर्यावर्दी
नारळ मुलांकडूनच खोवून घ्या. आदोळीवर (खोवणीच्या विळीवर) बसायला आजकालच्या मुलांना येतच नाही.

नदीकाठ
आदोळीचे पाते अकरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यासमोर! त्याऐवजी गूळ कुस्करणे, पोहे निवडणे, वेलची सोलून कुटणे आणि वाट्या भरणे एवढे त्यांच्याकडे द्या. २२ मुलांना ही कामे भरपूर होतात. मात्र नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत आणि ज्याला सर्दी-खोकला किंवा पोट बिघडलेले आहे, त्याला त्या दिवशी खाण्याला हात लावू देऊ नये.

उत्सवमूर्ती
मुलांना प्रमाणपत्रे द्यावीत. माझ्याकडे सोनेरी किनारीचे सुंदर नमुने आहेत. फलकासमोर आजी-आजोबांसह छायाचित्रही घ्यावे.

पांढरी_टोपी
छायाचित्र त्यांना विचारूनच घ्यावे. कुणालाही आपण दानाचा विषय झालो आहोत असे वाटू नये.

रानमोगरा
सेविकांशी बोलले. नऊ जण मधुमेही आहेत आणि दोघांना फक्त पातळ आहार चालतो. दीड किलो पोहे पुरतील का? खोबरे शनिवारी रात्रीच खोवून ठेवले तर चालेल का?

सत्तरीची_सून
दीड किलो पुरतील. त्यांतील एक किलो गोडाचे करावेत. त्याला सहाशे-सातशे ग्रॅम गूळ आणि तीन नारळ लागतील. उरलेले अर्धा किलो दह्यात. खोबरे त्याच सकाळी खोवावे, कारण आपल्या दमट हवेत ते रात्रभर बाहेर राहिले तर आंबते. अग्रशाळेत करून नेण्यापेक्षा आश्रमातच मिसळावे आणि दोन तासांच्या आत संपवावे.

रानमोगरा
रविवार पार पडला. सेविकांच्या परवानगीने आश्रमाच्या जेवणघरातच सगळे केले. मी सांगूनही मुलांनी पोहे आधी घातलेच. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी परात आपल्याकडे ओढून घेतली, पोहे एका बाजूला सारले आणि सहा वर्षांच्या एका मुलीचा हात आपल्या हातात धरून तिच्याकडून खोबऱ्यात गूळ कुस्करून घेतला. त्यानंतर वाढपाचे काम सोडले तर आमच्याकडे फारसे उरलेच नाही. पुढचा तासभर परात आजींच्याच ताब्यात होती. दह्यातले फोव आधी संपले. पुढच्या वेळी दोन्ही निम्मे-निम्मे करणार आहोत.

वेलदोडा
आणि आणलेल्या चुरमुऱ्यांचे काय केलेत?

रानमोगरा
दोन किलोंची पिशवी घरात तशीच आहे, आणि या पावसात ती सादळायला लागली आहे. पाण्यात टाकलेला थेंब मऊ वळला, तरी गॅस बंद केल्यावर पाक पातेल्यात पुढे शिजत राहतो का?