मदत हवी आहे : ओव्हरटाइमचा दावा, कॅलेंडरवरच्या नोंदी पुरावा म्हणून चालतील का?

नमस्कार. माझे मिस्टर चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहेत, ठेकेदारामार्फत. आम्ही भोसरीत राहतो.

शिफ्ट कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बारा. आठ तास झाले की पंच आउट करायला लावतात आणि परत मशीनवर उभं करतात. वरच्या तासांचे पैसे पाकिटातून रोख येतात, तेही एकेरी दराने. पगाराच्या स्लिपवर काहीच नाही.

भत्त्यांसह पगार १८,७२० रुपये, म्हणजे २६ दिवस आणि आठ तास धरून तासाला ९०. जेवणाचा अर्धा तास सोडला तर आठवड्याला ६९ तास काम होतं, ४८ च्या वर २१. दुप्पट दराने आठवड्याला ३,७८० व्हायला हवेत, हातात १,८९० पडतात. १९४८च्या कारखाना कायद्यातही दुप्पट होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. कोविडमध्ये गुजरात सरकारने कारखान्यांना या दुप्पट दरातून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. सरकारला जे जमलं नाही ते एका ठेकेदाराने का करावं?

डबा कधी भरायचा ते कळावं म्हणून मी रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांची जायची-यायची वेळ लिहिते, २०२४ च्या दिवाळीपासून. सुपरवायझरचे 'उद्या रविवार यायचंय' असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही आहेत. एवढ्यावर दावा उभा राहतो का? मागे दोघांनी तोंड उघडलं, त्यांचं गेट बंद झालं. आमचा घराचा हप्ता चालू आहे, म्हणून धीर होत नाही.

प्रतिसाद :
ताई, ती कॅलेंडरं जपून ठेवा, रोजच्या रोज लिहिलेली नोंद मोलाची असते. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, मूळ फोन सांभाळा. वेतन संहितेच्या कलम ५९ नुसार देणं दिलंय हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, पण तास किती भरले ते तुम्हाला दाखवावं लागेल. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दाव्याची मुदत १२ महिने होती, संहितेत तीन वर्षं. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, म्हणून आधीचे महिने वेगळे मांडा. ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. वकिलाच्या फीची चिंता नको. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, शिवाजीनगर कोर्टात चौकशी करा. आणि एकट्याने जाऊ नका, अनेकांचा मिळून एकच अर्ज करता येतो.

धागाकर्ती :
मनापासून आभार दादा. मोफत वकिलाचं माहीतच नव्हतं. काल रात्री यांना वाचून दाखवलं. त्यांच्या लाइनवरचे आणखी दोघे तयार आहेत, रविवारी सुट्टी मिळाली तर घरी येतील. त्यांच्याकडे नोंदी नाहीत, पण तिघे एकाच कंपनीच्या बसने येतात-जातात. मग माझ्या कॅलेंडरवरच्या वेळा त्यांनाही लागू धरता येतील का?