स्वर्गात पोचलेला 'मी' मीच असेन का? आणि तिथे माझ्या मर्जीचं काही उरेल का?

तापीकाठ:
महाभारतातलं स्वर्गारोहण पर्व घ्या. युधिष्ठिर वर पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला आणि भावांचा पत्ता नाही. माणूस भडकतो, म्हणतो भाऊ असतील तिथे न्या मला, हा स्वर्ग नको. इथपर्यंत तो शंभर टक्के युधिष्ठिर. पुढे धर्म त्याला आकाशगंगेवर, म्हणजे स्वर्गातल्या गंगेवर नेतो, स्नान होतं, मानवी देह गळतो, वैर गेलं, दुःख गेलं, मग सगळे गुण्यागोविंदाने. आता सांगा, पाण्यातून बाहेर आला तो कोण? द्यूतसभा, वनवास, अभिमन्यू, याचा सलच ज्याला उरला नाही त्याला युधिष्ठिर का म्हणायचं? वर कोणीतरी सुखी असेल, पण तो मी नसेन. आणि फ्री विलचं म्हणाल तर वाईट वागताच येत नसेल तर चांगलं वागण्यात आपली कसली मर्दुमकी.

भरीत_पार्टी:
सल गेला म्हणजे आठवण गेली असं कुठे लिहिलंय भो? आमच्यात आणि मोठ्या काकांच्यात बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, मग मिटलं. भांडण सगळं आठवतं, राग येत नाही. मी काय दुसराच माणूस झालो का?

तापीकाठ:
तुझा राग तू सोडला ना. कोणी धुऊन काढला नाही. फरक तोच आहे.

भरीत_पार्टी:
मग गंगेत युधिष्ठिर स्वतःच उतरला की, ढकलला थोडीच कोणी.

नवापूरकर:
आमच्या चर्चमध्ये हा वाद जुना आहे. ऑगस्टिन (354–430) हा जुना ख्रिस्ती धर्मपंडित म्हणायचा, आदामाला पाप टाळणं शक्य होतं, स्वर्गात पाप करणंच शक्य नसेल, आणि हे स्वातंत्र्य पहिल्यापेक्षा मोठं आहे. कारण देवाच्या हातून पाप होऊ शकत नाही म्हणून देव काय गुलाम आहे का? माझ्या आईला माझ्या ताटात विष घालणं जमणारच नाही, तिच्यावर कोणी बंदी नाही घातली, तिच्या मनातच ते येत नाही. दुसरं, ओळखीचं. येशू मेलेल्यातून उठल्यावर शिष्य थोमाला हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो, बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे नवं शरीर आलं तरी जखमांच्या खुणा पुसल्या नाहीत.

धुळ्याचा_भाऊ:
स्वर्गमा कंटाळा येस का, हाई पहिले सांगा.

रावेर_केळी:
तुम्ही दोन वेगळे स्वर्ग एकात कालवताय. आपल्याकडचा स्वर्ग कायमचा नाहीच. वनपर्वात मुद्गल ऋषीला न्यायला देवदूत येतो, तर हा आधी विचारतो की तिथे चांगलं काय आणि वाईट काय. देवदूत प्रामाणिक निघाला, म्हणाला तिथे नवं कर्म करता येत नाही, केलेलं भोगायचं, पुण्य संपलं की खाली. मुद्गल म्हणाला, मग नको, जा परत. गीतेतही नवव्या अध्यायात हेच, पुण्य सरलं की मर्त्यलोक. त्यावर ज्ञानेश्वर तर स्पष्टच बोललेत, खिशातली कवडी संपली की वेश्येचं दारही ठोठावता येत नाही तशी गत. तेव्हा आपल्या स्वर्गात फ्री विल शोधू नका, ते इथेच आहे, जे काय करायचं ते खाली करून घ्या.

पंथी_माणूस:
आम्ही महानुभाव. आमच्याकडे स्वर्ग हे देवतांचं फळ, तेही तात्पुरतं, त्याच्यासाठी कोणी झुरत नाही. पण मोक्षातसुद्धा जीव परमेश्वरात विरघळत नाही, जीव वेगळा तो वेगळाच. त्यामुळे ओळख राहते का हा प्रश्न अद्वैतवाल्यांनी सोडवावा.

एडलाबादी:
एवढी पुस्तकं काढली, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर कोणासाठी भरता ते बोला. बापाचं नाव, आज्याचं नाव घेऊनच पाणी ठेवतो ना आपण? वर बसलेल्याला आपण कोणाचा बाप होतो हेच माहीत नसेल तर ते पाणी घेणार कोण? पूर्ण खान्देश हे धरून चालतो की गेलेल्या माणसाला आपली ओळख असते, आणि तुम्ही इथे एका अंघोळीत ती पुसून टाकली.

तापीकाठ:
@नवापूरकर आईचा पॉइंट भारी आहे, मान्य. पण आई तशी झाली ती पोरांची उष्टी काढत, रात्री जागत. मेल्याबरोबर एका झटक्यात कोणी मला तसं करणार असेल तर ते पुन्हा गंगेतलं स्नानच झालं की.
@एडलाबादी घागर ही आपली गरज आहे भाऊ, त्यांची नाही. वर कोण आहे याचा तो पुरावा कसा होईल.

एडलाबादी:
आपली गरज ना? मग येत्या आखाजीला भरू नको. बघू जमतं का.

तापीकाठ:
भरणारच. माय घरात घेईल का नाहीतर 😄

नवापूरकर:
झटक्यात होतं असं कोणी म्हटलं? कॅथलिक लोक मधे पर्गेटरी मानतात ते याच्यासाठीच, हळूहळू शुद्ध व्हायला. आणि खिळ्यांच्या खुणांचं काय? ते तू सोडूनच दिलं.