झिंक ऑक्साइडमध्ये मँगनीज वाढवलं, तर चुंबकन घटतं का?

प्रश्न (नांदेड): सोल-जेलने (द्रावणातून जेल करून पावडर बनवण्याची रीत) मँगनीज घातलेलं झिंक ऑक्साइड केलंय, ५ आणि १० टक्के. ५०० अंशांवर भाजलं. व्हीएसएमवर (चुंबकन मोजणारं यंत्र) ५ टक्क्यांत बारीक लूप (लोहचुंबकासारखा हिस्टेरेसिसचा फास) दिसतो, १० टक्क्यांत प्रति ग्रॅम चुंबकन उलट घटलंय. असं कसं?

उत्तर १ (संभाजीनगर): झिंकच्या प्रत्येक जागेला झिंकच्याच १२ शेजारी जागा असतात. मँगनीज कसंही विखुरलं असं धरलं, तर शेजारी दुसरं मँगनीज नसलेले अणू ५ टक्क्यांत ०.९५ चा १२ वा घात, म्हणजे ५४ टक्के. १० टक्क्यांत फक्त २८. गुणून बघा: झिंकच्या दर १०० जागांमागे असे एकटे अणू २.७ आणि २.८, जवळपास तेवढेच! खेटलेल्या जोड्या मधल्या ऑक्सिजनमार्फत विरुद्ध दिशांनी बांधल्या जातात. त्यामुळे वाढ थांबते. घट मात्र यातून पुरती निघत नाही. जास्तीचं मँगनीज झिंक-मँगनीज स्पिनेलमध्ये (दोन्ही धातूंचं वेगळं ऑक्साइड) गेलंय का बघा. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन) २९ अंशांच्या कोनाजवळ त्याचं शिखर शोधा, ३६ चं शिखर झिंक ऑक्साइडच्या शिखराखाली दडतं.

उत्तर २ (परभणी): आधी ५ टक्क्यांचा लूपच तपासा. स्टीलचा चिमटा लागून लोखंडाचा अंश आला तरी असा लूप येतो, प्लास्टिकचा वापरा. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, डीआयोनाइज्डच (क्षार काढलेलं) घ्या. याच रीतीने मँगनीजशिवायचा नमुना करा, रिकामा होल्डरही मोजून वजा करा. ५ टक्क्यांसाठी झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ४.१७ ग्रॅम, मँगनीज ॲसिटेट टेट्राहायड्रेट ०.२४५ ग्रॅम. इतकं कमी वजन दोन दशांशांच्या काट्यावर करू नका.

प्रश्नकर्ता: चिमटा स्टीलचाच होता. कोरा नमुना आज लावतो.