'फ्लॅश इन द पॅन' मधला पॅन नेमका कोणता?

पानपूरक:
क्रिकेटवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करायचं आहे. पहिल्याच कसोटीत शतक ठोकलेल्या फलंदाजाबद्दल लेखक म्हणतो, हे शतक 'फ्लॅश इन द पॅन' ठरू नये. ढोबळ अर्थ कळला: क्षणभर चमकून विझणारं यश. पण हा पॅन कुठला? कोणी कढईतला भडका म्हणतं, कोणी सोनं गाळायची परात. आणि मराठीत 'फुसका बार' चालेल का?

ठासणी:
कढईही नाही आणि परातही नाही. हा पॅन जुन्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीचा आहे.

नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असतं, तो बंदुकीचा कान. (तोफांच्या कानात खिळे ठोकले, असं आपण इतिहासात वाचतो तोच.) कानाला लागून बाहेर एक छोटी वाटी असते, हाच पॅन. तीत चिमूटभर बारीक दारू घालतात, तिला आपल्याकडे रंजक म्हणत. मनोरंजनाशी तिचा संबंध नाही. खरी दारू आणि गोळी नळीत ठासलेली असते.

चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार वाटीवरच्या पोलादी झाकणावर घासते. त्याच झटक्यात झाकण उघडतं, ठिणग्या रंजकेवर पडतात, ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार उडतो. ज्वाळा आत पोचलीच नाही तर? बाहेर लख्ख भडका, धूर, आणि गोळी जागच्या जागी. हा 'फ्लॅश इन द पॅन'.

बहुतेक वेळा दोष कानाचा. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाची राख आणि काजळी मागे ठेवते, त्यामुळे काही बारांनंतर कान बुजू लागतो. म्हणून शिपायाच्या पट्ट्याला तारेची सुई आणि छोटा ब्रश लटकवलेला असे. आतली दारू दमट झाली, किंवा साफसफाईनंतर नळीत तेल राहिलं, तरी हेच होतं.

जुनी_पानं:
परातीची गोष्ट तारखांवरच कोसळते. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं १८४८ मध्ये. एल्कना सेटल या इंग्रज नाटककाराने १६८७ मध्ये त्याच काळातल्या ड्रायडनच्या नाटकांवर टीका करताना तोफांच्या संदर्भात हे शब्द वापरले आहेत. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं आधी.

पानपूरक:
मग 'फुसका बार' तर अगदी जवळचा झाला! दोन्हीकडे दारूच.

ठासणी:
जवळचा आहे, पण इथे बसणार नाही. फुसक्या बारात गाजावाजा होतो आणि हाती काहीच लागत नाही. इंग्रजीत आधी लखलखाट झालेला असावा लागतो. गार बोथट होऊन ठिणगीच पडली नाही, तर त्याला कोणी 'फ्लॅश' म्हणणार नाही. तुमच्या फलंदाजाने शतक खरोखर केलंय, त्याला फुसका म्हणणं अन्याय होईल.

जुनी_पानं:
सहमत. 'नव्याचे नऊ दिवस' पण टाळा, त्यात बघणाऱ्यांची हौस ओसरते. 'आरंभशूर' मध्ये माणसाच्या चिकाटीवर ठपका येतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' सर्वांत जवळ, पण त्यात रंग हळूहळू उतरतो, क्षणाचा भडका नाही. वाक्यात म्हण कोंबण्यापेक्षा सरळ लिहा: 'हे शतक एकदाच चमकून विझणारं ठरू नये.'

पानपूरक:
छान, हेच घेतो. त्याच लेखात निवड समितीचा निर्णय 'हँगिंग फायर' आहे असंही आहे. तेही बंदुकीतलंच का?

ठासणी:
हो, त्याच कानाची करामत. रंजक जास्त भरली की ती कानात शिरून बसते. मग ज्वाळा झेप घेत नाही, कानातली दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा उडतो. म्हणून भडका होऊन गोळी सुटली नाही तरी नळी लगेच स्वतःकडे वळवायची नाही, निशाणाकडेच धरून थांबायचं. तुमच्या वाक्यात 'निर्णय अजून लटकलेला आहे' पुरे.