मदत हवी आहे: घोड्यावरून ‘पडणं’ नेमकं कशाला धरतात?

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. माझी पुतणी १६ वर्षांची, इव्हेंटिंग (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि शो जम्पिंग अशी घोडेस्वारीची तिहेरी स्पर्धा) करते. मागच्या महिन्यात क्रॉसकंट्रीत, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या अडथळ्यांच्या फेरीत, पाण्याच्या अडथळ्यात घोडी उतरताना अडखळली. पोरीचा उजवा पाय रिकिबीतून सुटला आणि आयाळ घट्ट धरून ती मानेवरून घसरत खाली आली. बूट पाण्यात टेकले, लगाम मात्र हातातच. लगेच पुन्हा खोगिरावर चढली, पुढचे दोन अडथळेही पार केले, तेवढ्यात थांबवलं. इलिमिनेट, म्हणजे स्पर्धेतून बाद!

एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) नियमांत क्रॉसकंट्रीत स्वार एकदा पडला की बाद, शो जम्पिंगमध्येही तेच, एवढं मला ठाऊक आहे. घोड्यापासून सुटून पुन्हा चढावं लागलं तर ते पडणंच. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मन घोडेस्वार कोनराड फॉन वांगेनहाइम पडले, कॉलरबोन मोडलं, तरी पुन्हा चढून पूर्ण केलं आणि जर्मनीला सांघिक सुवर्ण मिळालं. तो काळ गेला ते बरंच झालं, पोरांचा जीव आधी.

पण लगाम आणि आयाळ दोन्ही हातात असताना ती घोडीपासून ‘सुटली’ असं धरायचं का? मानेला लोंबकळून, पाय न टेकता परत वर आली असती तर चाललं असतं का? आणि अशा निर्णयावर दाद कुणाकडे, किती वेळात मागायची? कुणी स्टुअर्ड (स्पर्धेवर देखरेख ठेवणारा अधिकारी) किंवा जज म्हणून काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पोर दोन दिवस धड जेवलेली नाही, तिला नीट समजावून सांगायचंय.