निवृत्त खेळाडूचा करार विकणं म्हणजे मयताच्या नावावर रेशन?

बंड्या बॉस्टनकर
काल एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, धाग्यावर खडूस कोकणी यांनी एक पिंक टाकली आणि गायब झाले: "निवृत्त होणाऱ्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालणं म्हणजे मयताच्या नावावर रेशन उचलणं. लीगने हे कायमचं बंद करावं." त्याला बावीस लाइक. बावीस! रात्री दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी वेगळा धागाच काढला.

सेल्टिक्सच्या, म्हणजे आपल्या बॉस्टनच्या संघातल्या, रशीद वॉलेसचंच घेऊ. तो उन्हाळा मी इथे बॉस्टनमध्ये काढलाय. १७ जून २०१०, फायनलचा सातवा सामना. पर्किन्सचा गुडघा गेलेला, म्हणून रशीद सुरुवातीपासून मैदानात. आपण ८३-७९ ने हरलो. सामना संपल्यावर हा पठ्ठ्या पंचांच्या खोलीकडे गेला, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हा काही परत येत नाही. पण २००९ मध्ये त्याने मिड-लेव्हलवर, म्हणजे लीगने ठरवून दिलेल्या मधल्या पगारावर, तीन वर्षांची सही केलेली होती. म्हणजे दोन वर्षं आणि साधारण १ कोटी ३० लाख डॉलर अजून बाकी.

आता यात मयत कोण? माणूस चालता-बोलता होता. त्याने ठरवलं असतं तर ऑक्टोबरमध्ये पोट सुटलेल्या अवस्थेत येऊन बाकावर बसला असता आणि दर पंधरवड्याला चेक घेतला असता. कुणाचा बाप त्याला अडवणार नव्हता. त्याऐवजी तो म्हणाला, मी थांबतो, पण निवृत्तीचा कागद लगेच देत नाही, तोवर संघाचे व्यवहार बघणाऱ्या डॅनी एंजला काही जमतं का बघू दे. समोरच्याचा फायदा उघड आहे. तुमच्या डोक्यावर कुणाचा तरी तीन-चार वर्षांचा जड करार आहे, तो आम्हाला द्या, बदल्यात रशीद घ्या. तो कागद देईल, पगार द्यायचा उरणार नाही, तुमची वही कोरी. दोघंही डोळे उघडे ठेवून सही करणार. रेशनमध्ये सरकार फसतं. इथे कोण फसलं?

आणि झालं काय शेवटी? गिऱ्हाईकच मिळालं नाही. ऑगस्टमध्ये सेल्टिक्सनी करार मोडून त्याला मोकळं केलं. ज्या पापावर तुम्ही बावीस लाइक मिळवलेत, ते रशीदच्या बाबतीत घडलंच नाही.

खडूस कोकणी
गायब नव्हतो, ऑफिसात होतो. काही लोकांना नोकरी असते.

कोण फसलं विचारताय? उरलेले अठ्ठावीस संघ. कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, कशासाठी आहे? मोठ्या शहरांनी पैशाच्या जोरावर सगळे खेळाडू गोळा करू नयेत म्हणून. तुमच्याकडे खेळाडू नाही, खेळाडूचा कागद आहे, आणि त्या कागदावर तुम्ही चांगला धडधाकट माणूस घेऊन येणार. मिल्वॉकीवाल्याने मग काय करायचं? त्याच्याकडे असा कागद नाही, कारण त्याच्याकडे म्हातारपणी मिड-लेव्हल घ्यायला कुणी जातच नाही.

आणि तुमचा रशीद "थांबतो" म्हणाला ना? २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून २१ सामने खेळला. मयत तिसऱ्या वर्षी उठून बसला की हो. पिंडाला कावळा शिवला नसणार.

नियमावली
दोघंही वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. रशीदचा करार चालू होता. चालू करार विकणं आणि संपलेल्या कराराचं भूत उठवणं यात फरक आहे.

मयताच्या नावावरचं रेशन हवं असेल तर फेब्रुवारी २००८ बघा. लॉस एंजेलिसच्या लेकर्सना मेम्फिसचा पाउ गॅसॉल हवा होता. ट्रेडमध्ये दोन्हीकडचे पगार साधारण जुळावे लागतात, तो मेळ बसेना. ॲरन मॅकी तेव्हा फिलाडेल्फियात विनामानधन सहायक कोच होता. हातात शिट्टी. पण त्याचे बर्ड राइट्स (कॅप ओलांडूनही आपल्या जुन्या खेळाडूशी करार करायचा हक्क) लेकर्सनी सोडलेले नव्हते. त्याला बोलावून सही घेतली आणि त्याच दमात मेम्फिसला पाठवून दिला. त्याच महिन्यात डॅलसने न्यू जर्सी नेट्सच्या जेसन किडसाठी तेच केलं. कीथ व्हॅन हॉर्न २००६ नंतर एकही सामना खेळला नव्हता, घरी मुलं सांभाळत होता. तीन वर्षांचा करार, पहिलंच वर्ष पक्कं, ४३ लाख डॉलर, आणि रवानगी न्यू जर्सीला.

हे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारात बंद झालं. साइन-अँड-ट्रेड (सही घेऊन लगेच दुसऱ्या संघाला पाठवणं) करायचा तर खेळाडूने आधीचा मोसम त्याच संघात संपवलेला असला पाहिजे, आणि मोसम सुरू झाल्यावर ते करताच येत नाही. त्यामुळे कोकणींची मागणी अर्धी पूर्ण होऊन बरीच वर्षं लोटली. अभिनंदन.

एडिसनची माई
व्हॅन हॉर्नचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचते.

आम्ही नेट्सवाले. २००२ ला फायनलला गेलो तेव्हा किड आणि व्हॅन हॉर्न एकाच संघात होते. माझा मुलगा तेव्हा अगदी लहान, पण घरात पोस्टर होतं. सहा वर्षांनी किड गेला आणि बदल्यात "व्हॅन हॉर्न येतोय" असं ह्यांनी सांगितलं. पोरगं खूश. ईस्ट रदरफर्डला तिकिटं काढून गेलो. तिथे तो विचारतोय, आई, तो कधी खेळणार? मी काय सांगू, बाळा, तो खेळायला नाही आला, तो बेरीज जुळवायला आलाय? नियमाप्रमाणे त्याला येऊन हजेरी लावावी लागली म्हणे. हजेरी!

किडच्या व्यवहाराच्या त्याआधीच्या नाटकात तर डॅलसचा जेरी स्टॅकहाऊस होता. त्याने व्यवहार होण्याआधीच वार्ताहरांना सांगून टाकलं की मी तीस दिवसांत परत डॅलसला. मग लीगने डोळे वटारले. आणि डॅलसच्याच डेव्हिअन जॉर्जने नकाराधिकार वापरून तो डाव मोडला. त्याला तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, मला विचाराल तर त्या आठवड्यात खरं वागणारा तो एकटाच. पुढे किडने डॅलसला २०११ चं विजेतेपद मिळवून दिलं आणि आमचा संघ मालकांनी ब्रुकलिनला पळवला. त्यावर कुणी धागा काढत नाही.

टोरंटोचा तात्या
माई, नेट्सवाल्यांनी यावर बोलावं? डिसेंबर २००४. विन्स कार्टर घेतलात आणि आम्हाला काय दिलंत? अलोंझो मोर्निंग. त्याच्या किडनीच्या शस्त्रक्रियेला वर्ष झालेलं. तो टोरंटोत पाऊलही ठेवेना. आमच्या संघाने पैसे मोजून त्याला मोकळं केलं, तो मायामीला गेला आणि २००६ ला विजेतेपदाची अंगठी घेऊन बसला. तुमच्या मुलाला व्हॅन हॉर्न निदान दिसला तरी असेल.

एडिसनची माई
मोर्निंग आजारी होता हो तात्या. आजारी माणसावरून टोमणे मारू नयेत.

टोरंटोचा तात्या
टोमणा मोर्निंगला नाही, तुम्हाला आहे.

ठाण्याचा लेकर्सवाला
मॅकीवरून आमच्यावर घसरलात, हरकत नाही, गॅसॉलने दोन अंगठ्या दिल्या. पण खरं रेशन उचललं ते स्टीव्ह नॅशने, आणि आमच्याच दुकानातून. चार पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) देऊन आणला. तीन वर्षांचे २ कोटी ८० लाख डॉलर. दुसऱ्याच सामन्यात पोर्टलंडला लिलार्डची धडक बसून पाय मोडला, ते समजू शकतो. पण तीन मोसमांत ६५ सामने! शेवटच्या वर्षी एकही नाही, पगार ९७ लाख. आणि पाठ दुखते म्हणून घरी बसलेला माणूस नोव्हेंबर २०१४ मध्ये गोल्फचा व्हिडिओ टाकतो? पैसे हवेत म्हणून निवृत्त होत नाहीये, हे त्याने आधीच कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं. तेव्हा तरी तो एक्स्पायरिंग, म्हणजे मोसमाअखेर संपणारा, करार विकायला हवा होता. तोही विकला नाही.

आमच्या ऑफिसात एकाने पाठदुखीची तीन महिने रजा घेतली आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजवताना सापडला. कमरेला ढोल! मी पाहिलाय डोळ्यांनी.

फिजिओ वहिनी
कॉन्ट्रॅक्टमधलं मला ओ की ठो कळत नाही, नवऱ्याच्या खांद्यावरून वाचत होते. पण हे वाचून राहवलं नाही.

नॅशचा मणका पुढे सरकलेला होता. त्याचा त्रास नसांपर्यंत जाऊन पोचतो. अशा रुग्णाला एखाद्या दिवशी गोल्फ जमतो आणि दुसऱ्या दिवशी मोजे घालायला बायको लागते. एनबीएमध्ये मागे पळत जाऊन अचानक वळणं आणि हिरवळीवर सावकाश चालत एक फटका मारणं, ही एकच गोष्ट वाटते का तुम्हाला? तो चाळीस वर्षांचा होता. गेली वीस वर्षं मी हेच ऐकतेय, "काल लग्नात उभी होतीस की, आज भाकरी थापायला काय होतंय?" बायकांना तर हे सासरी रोज ऐकावं लागतं.

ठाण्याचा लेकर्सवाला
वहिनी, आदर आहे, पण ९७ लाख डॉलरमध्ये मी मोजे न घालता पळेन.

फिजिओ वहिनी
पाच वर्षांनी याल माझ्याकडे. तेव्हा याची प्रिंट काढून ठेवलेली असेल.

बंड्या बॉस्टनकर
धागा भरकटतोय, पण एक सांगतो. २०१५ च्या हिवाळ्यात बर्फ उपसताना माझी कमरेतली एल-फोर एल-फाइव्ह चकती गेली. सहा आठवडे आडवा. त्या काळात मी उभा राहून जेवायचो, कारण बसता येत नव्हतं. शेजाऱ्याला वाटलं माझा उपास आहे. तेव्हापासून नॅशबद्दल मी चकार शब्द काढत नाही.

खडूस कोकणी
हे मात्र खरं आहे. माझी २०१८ ला गेली, घरी गॅसचा सिलिंडर उचलताना. डॉक्टर ऑपरेशन म्हणाला, केलं नाही. आईने महानारायण तेल चोळलं, तीन महिन्यांत उभा.

फिजिओ वहिनी
तीन महिन्यांत तेल न चोळताही बहुतेक लोक उभे राहतात.

खडूस कोकणी
माझ्या आईला सांगू का हे?

टोरंटोचा तात्या
मी वजन लावून घेतलं होतं, ट्रॅक्शन. पंधरा दिवस. काडीचा उपयोग नाही. इथल्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटला पाच महिने लागले, तोवर पाठ आपली आपण बरी झाली. तेव्हा मी मोर्निंगबद्दल मघाशी जे म्हटलं... असो. माई, राग मानू नका.

एडिसनची माई
नाही मानला. वज्रासन करून बघा.

फिजिओ वहिनी
तात्या, गुडघे दुखत असतील तर अजिबात करू नका. माई, कृपा करून.

नियमावली
पाठी झाल्या असतील तर मुद्द्यावर येऊ का? कोकणींना एक प्रश्न. करार विकण्यावर पूर्ण बंदी घातली तर संघ काय करतील? दुसरी वाट आहेच, खेळाडूला डॉक्टरकडून "संपला" म्हणवून घेणं. डेरियस माइल्स आठवा. पोर्टलंडने २००८ मध्ये त्याचा गुडघा कायमचा गेला म्हणून करार कॅपमधून काढून घेतला. पैसे देणं लागत होतंच, फक्त हिशेबात धरायचे नाहीत. पण तो दुसरीकडे दहा सामने खेळला की सगळं परत वहीत येणार, १ कोटी ८० लाख. जानेवारी २००९ मध्ये तो मेम्फिसमध्ये दहाव्या सामन्याच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा पोर्टलंडने सगळ्या संघांना ईमेल पाठवली: आमचं नुकसान करायच्या हेतूने कुणी याला घेतलं तर कोर्टात खेचू. माणूस बरा होऊन खेळतोय, आणि त्याच्या जुन्या संघाला तो खेळू नये असं वाटतंय. व्हॅन हॉर्नला निदान कुणी "खेळू नकोस" असं धमकावलं नाही.

ठाण्याचा लेकर्सवाला
नॅशच्या बदल्यात लीगने आम्हाला अर्ध्या पगाराची सवलत दिली होती, साधारण ४८ लाखांची. डिसेबल्ड प्लेयर एक्सेप्शन, म्हणजे जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची मुभा. ती पण वाया घालवली बहुतेक. त्याच्यावर कुणी बोलणार आहे का?

बंड्या बॉस्टनकर
नाही.

खडूस कोकणी
नियमावलीसाहेब, माइल्सचं मला माहीत होतं, पण या बाजूने विचार केला नव्हता. मात्र तुम्ही म्हणताय ते माझ्याच बाजूला जातं. कागद माणसापेक्षा महाग झाला की लोक असेच वागणार. २०२५ च्या फेब्रुवारीत पी. जे. टकर घ्या. त्या मोसमात एकही सामना खेळलेला नाही, आणि एका आठवड्यात क्लिपर्सकडून युटा, युटाकडून मायामी, मायामीकडून टोरंटो. बायको फोनवर विचारत असेल, अहो, आज कुठे?

टोरंटोचा तात्या
शेवटी आमच्याकडेच आला. सगळे आमच्याकडेच का पाठवता रे.

बंड्या बॉस्टनकर
पण टकरचे पैसे बुडले का? एक डॉलर नाही. शिवाय आता सेकंड ॲप्रनच्या (पगारखर्चाची सर्वांत वरची रेषा) वर असलेल्या संघाला दोन-तीन करार एकत्र बांधून मोठा खेळाडू आणताच येत नाही. म्हणजे श्रीमंतांसाठी ही वाट जवळजवळ बुजलीच. मिल्वॉकीची काळजी करताय ना, मिल्वॉकीच त्या रेषेवर जाऊन अडकली होती.

माईंच्या मुलाचं मात्र मला उत्तर देता येत नाही, हे कबूल करतो. रशीद आणि व्हॅन हॉर्न एका मापाने मोजू नयेत एवढंच म्हणेन. रशीदच्या व्यवहारात तो खेळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हॅन हॉर्नला खेळाडू म्हणून हजर केलं. तिथे खोटेपणा होता.

खडूस कोकणी
चला, अर्धं पचलं म्हणायचं. मग मीही "मयताच्या नावावर रेशन" मागे घेतो. रशीदपुरतं. त्याला पागडी म्हणू. भाडेकरू जाणार हे सगळ्यांना माहीत, तरी जाताना किल्लीचे पैसे. मॅकी आणि व्हॅन हॉर्नला रेशनच.

बंड्या बॉस्टनकर
पागडीत मालकाला तिसरा हिस्सा मिळतो. इथे मालक कोण?

खडूस कोकणी
ते उद्या. आता सिलिंडर आलाय.

फिजिओ वहिनी
गुडघ्यात वाका, कमरेत नाही!